न्यायालयात एआय आणण्याआधीची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायालयाच्या नोंदणी विभागात, दप्तरखान्यात, संगणक कक्षात आणि न्यायाधीशांच्या कार्यालयात काम करणारी माणसं एआयबद्दल जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी गाडी खरोखर अडकते.

आमच्याकडे संगणक आहेत, इंटरनेट आहे, ई-फायलिंग सुरू आहे. मग आम्ही तयार नाही का?

ही साधनं झाली. तयारी आहे की नाही, ते दुसरीकडे कळतं. एक साधी चाचणी करून पाहा. दाखल झालेला एखादा दावा निकाल लागेपर्यंत कोणाकोणाच्या टेबलावरून जातो, कुठे थांबतो आणि का थांबतो, हे तुमच्याकडच्या तीन माणसांना वेगवेगळं गाठून विचारा. मी हे विचारलं तेव्हा नोंदणी विभागाने सांगितलं की कागद त्याच दिवशी पुढे जातात. कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं की फाईल चौथ्या दिवशी हातात पडते. मधल्या दिवसांचा हिशेब एकट्या शिपायाकडे होता: गठ्ठे दोन जिने चढवून वर न्यावे लागतात, म्हणून फेरी मारण्याइतका गठ्ठा झाला की तो वर जातो.

नोंदणी विभागात वर्गीकरण करणारं एआय बसवलं असतं तर ते काम काही सेकंदांत झालं असतं, आणि फाईल तरीही चौथ्याच दिवशी पोहोचली असती. म्हणून पहिलं काम कामकाजाचा नकाशा काढण्याचं. तो कागदावर, पेन्सिलीने काढला तरी चालतो. त्यानंतर नोंदींची अवस्था, माणसांचं प्रशिक्षण, जबाबदारीची वाटणी आणि गरज पडली तर यंत्र बंद करण्याची सोय या गोष्टी येतात. खरेदी सगळ्यांत शेवटी.

आम्ही अजून कोणतंही एआय घेतलेलं नाही. मग एवढी घाई कशाला?

तुम्ही घेतलं नसलं तरी ते आत आलेलं असतं, कर्मचाऱ्यांच्या फोनमधून आणि ब्राउझरमधून. युनेस्कोने ९६ देशांतल्या न्यायक्षेत्रातल्या लोकांना विचारलं तेव्हा ४४ टक्के जणांनी कामासाठी एआयची साधनं वापरल्याचं सांगितलं. संस्थेकडून मार्गदर्शन किंवा प्रशिक्षण मिळालेले होते फक्त ९ टक्के. या दोन आकड्यांमधल्या अंतरातच अपघात होतात.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संघीय न्यायाधीशांना आपापले आदेश मागे घ्यावे लागले. आदेशांत चुकीचे संदर्भ आणि निवाड्यात नसलेली अवतरणं निघाली होती. सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्षांनी विचारणा केल्यावर ऑक्टोबरमध्ये दोघांनी लेखी कळवलं की मसुदा करताना कार्यालयातल्या मदतनीसाने एआय वापरलं होतं आणि नेहमीची तपासणी पूर्ण होण्याआधीच आदेश नोंदीवर चढला. तपासणीची पद्धत तिथे होती. घाईच्या दिवशी कागद तिला वळसा घालून गेला. अशा वेळी सगळा दोष त्या तरुण मदतनीसावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्याला आधी आणि स्पष्ट सांगणं संस्थेचं काम होतं.

म्हणून खरेदीचा विचारही सुरू होण्याआधी एक पानाची सूचना काढा. तिच्यात एवढं असलं तरी पुरे: बंद लखोट्यातले कागद, अल्पवयीन मुलांची आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणं, निकालाचे मसुदे हे सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत. एआयने दिलेला निवाडा मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय वापरायचा नाही. वापर केला असेल तर वरिष्ठांना सांगायचं, आणि सांगणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होणार नाही. हे शेवटचं वाक्य गाळलं तर बाकीची सूचना भिंतीवरच राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायाधीशांसाठी अशा धर्तीचं, काही पानांचंच मार्गदर्शन डिसेंबर २०२३ मध्ये निघालं होतं.

वकीलच बनावट निवाडे देऊ लागले तर न्यायालयाने काय करायचं?

त्यासाठीसुद्धा तयारी लागते, आणि ती एआय न घेणाऱ्या न्यायालयालाही लागते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ मध्ये माटा विरुद्ध अव्हियांका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ४५ संदर्भांपैकी १८ निवाडे मुळात नव्हतेच.

तुमच्याकडे प्रश्न असा असतो: दाखल झालेल्या लेखी युक्तिवादातला प्रत्येक संदर्भ उघडून पाहण्याचं काम कोणाचं? उत्तर ‘सगळ्यांचं’ असेल तर ते कोणाचंच नाही. एका माणसाला नेमा, त्याला निवाड्यांचा अधिकृत संग्रह उपलब्ध करून द्या, आणि संदर्भ सापडला नाही तर फाईल कोणाकडे जाते ते लिहून ठेवा.

नोंदींची अवस्था नेमकी कशी तपासायची?

कपाट उघडून. पंचवीस जुन्या फायली, पंचवीस मधल्या काळातल्या आणि पंचवीस चालू वर्षातल्या काढा, आणि संगणकातली नोंद त्यांच्याशी ओळीने ताडून पाहा. पक्षकारांची नावं जुळतात का, तारखा जुळतात का, प्रकरणाचा प्रकार बरोबर लिहिला आहे का.

एका ठिकाणी अशी पडताळणी करताना ‘इतर’ या प्रकाराखाली प्रकरणांचा ढीग सापडला. कारण शोधत गेलो तेव्हा कळलं की प्रकाराची यादी अनेक वर्षांपूर्वी तयार झाली होती. त्यानंतर आलेल्या कायद्यांखालची प्रकरणं बसवायला तिच्यात जागाच नव्हती, आणि रकाना भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नव्हता. कारकुनांनी ‘इतर’ निवडलं. त्यांचं काही चुकलं नाही. पण या नोंदींवर एखादी प्रणाली शिकवली असती तर नव्या कायद्याखालचं प्रत्येक प्रकरण तिनेही ‘इतर’ मध्येच टाकलं असतं, आणि पडद्यावर मोठ्या खात्रीचा आकडा दाखवला असता.

स्कॅन केलेल्या पानांबद्दल वेगळा गैरसमज असतो. स्कॅन म्हणजे पानाचं छायाचित्र. त्यातली अक्षरं यंत्राला वाचता यावीत म्हणून आणखी एक प्रक्रिया लागते. ती छापील मजकुरावर बरी चालते, कार्बन कॉपीवर अडखळते, आणि समासात हाताने केलेल्या दुरुस्तीवर हमखास फसते. जबाबाच्या छापील ओळीत ‘डावा हात’ आहे, ‘डावा’ वर रेघ मारून समासात ‘उजवा’ लिहिलंय आणि खाली आद्याक्षरांची सही आहे, असं पान घ्या. यंत्राच्या हाती ‘डावा’ लागतो. खरा पुरावा समासात राहतो.

या कामाला किती पैसा लागतो याचा अंदाज भारताच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यावरून येईल. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांपैकी २,०३८.४० कोटी नोंदींचं स्कॅनिंग, डिजिटायझेशन आणि जतन यासाठी आहेत, तर एआय आणि ब्लॉकचेनसारख्या भावी तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी. म्हणजे दप्तर सावरायला सुमारे ३८ पट. अंदाजपत्रक मांडताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा. दप्तराचे पैसे कापून एआय घेण्याचा मोह प्रत्येक बैठकीत कोणाला ना कोणाला होतो.

सुरुवात कोणत्या कामापासून करावी?

जिथे चूक झाली तर ती लगेच दिसते, सहज दुरुस्त होते आणि कोणाच्या हक्काला धक्का लागत नाही, अशा कामापासून. दाखल कागदांतली त्रुटी शोधणं, सारख्या मुद्द्यांची प्रकरणं एकत्र आणणं, प्रसिद्ध करायच्या निकालातून नावं झाकणं. ब्राझीलच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने ब्राझिलिया विद्यापीठाबरोबर ‘व्हिक्टर’ हा प्रकल्प अशाच कामासाठी हाती घेतला: येणारी अपिलं ठरलेल्या विषयांनुसार लावणं.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातली विभागणी इथे उपयोगी पडते. तथ्यं आणि कायदा यांचा शोध घ्यायला, अर्थ लावायला किंवा कायदा प्रकरणाला लागू करायला न्यायाधीशाला मदत करणारी प्रणाली उच्च जोखमीची मानली आहे. नावं झाकणं, अंतर्गत पत्रव्यवहार अशी निव्वळ कार्यालयीन कामं त्यातून वगळली आहेत. तुम्ही त्या कायद्याखाली येत नसलात तरी प्रत्येक प्रस्तावाला हा प्रश्न लावून पाहा.

मात्र ‘निव्वळ कार्यालयीन’ हा शब्द तपासून घ्या. कोणतं प्रकरण आधी बोर्डावर यायचं, हे कागदोपत्री कार्यालयीन काम आहे. ज्याच्या जामिनाची सुनावणी मागे पडली, त्याच्यासाठी ते तुरुंगातले जादा दिवस आहेत.

साक्षीदारांचे जबाब एआयने टिपून घ्यावेत का?

याची मागणी सर्वांत जास्त आहे, आणि त्यात फायदाही खरा आहे. साक्ष लिहून घेण्यात कोर्टाचा पुष्कळ वेळ जातो. पण याची चाचणी शांत खोलीत, स्पष्ट उच्चारांच्या माणसावर घेऊ नका. भरलेल्या कोर्टात, पंखा चालू असताना, दोन वकील एकदम बोलत असताना आणि साक्षीदार घाबरून पुटपुटत असताना घ्या.

पहिलं बघायचं ते ‘नाही’. आपल्या भाषेत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज नेमका तिथेच खाली जातो. ‘मी त्याला त्या रात्री पाहिलं नाही’ यातला शेवटचा शब्द गेला तर उरलेलं वाक्य व्याकरणाने निर्दोष असतं, कोणाला खटकतही नाही, आणि अर्थ बरोबर उलटा असतो.

दुसरं, जे बोललंच जात नाही ते. साक्षीदार बोट दाखवून म्हणतो, ‘हाच तो.’ अनुभवी लघुलेखक विचारून घेतो आणि लिहितो की साक्षीदाराने आरोपी क्रमांक दोनकडे निर्देश केला. ध्वनिमुद्रणात फक्त ‘हाच तो’ असतं. मान हलवणं, रडू कोसळणं, प्रश्नानंतरची लांब शांतता यांची नोंद माणूसच करतो. यंत्र आलं तरी त्या खुर्चीवर माणूस हवा. टिपलेला जबाब साक्षीदाराला त्याच वेळी वाचून दाखवण्याची पद्धत तर अजिबात सोडू नका.

आणि भाषांतर?

वाचून अंदाज घेण्यासाठी जरूर. अधिकृत प्रत म्हणून मात्र भाषांतरकाराने ओळ न् ओळ तपासल्याशिवाय नको. इंग्रजी आदेशातल्या ‘लीव्ह ग्रँटेड’ चा अर्थ अपिलाला परवानगी दिली असा होतो. कायद्याची भाषा न कळणारं यंत्र ‘रजा मंजूर’ लिहून पुढे जातं. तुमच्या न्यायालयात रोज लागणाऱ्या काही शे शब्दांचा कोश वकील आणि भाषांतरकार यांना एकत्र बसवून आधी पक्का करा. तो एआय आलं नाही तरी कामाला येईल.

एआयला निकाल लिहायला सांगता येईल का? काही देशांत यंत्र न्यायाधीश आहेत असं ऐकतो.

बहुतेक वेळा नाव एस्टोनियाचं घेतलं जातं. तिथल्या न्याय मंत्रालयाने २०२२ मध्ये स्वतः खुलासा केला की असा कोणताही यंत्र-न्यायाधीश ते तयार करत नाहीत.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं. निष्कर्ष, दाद, आदेश किंवा निकाल ठरवण्यासाठी एआय वापरायचं नाही, मान्यता दिलेलीच साधनं वापरायची आणि जिथे वापर झाला तिथे त्याची नोंद ठेवायची, असं त्यात आहे. मला ही रेषा योग्य वाटते. न्यायाधीश निकालाची कारणं लिहितो तेव्हा त्याचा विचारही त्या लिहिण्यातून घडत असतो. पुरावा मांडता मांडता एखादा दुवा जुळत नाही हे लक्षात येतं आणि मत बदलतं. मसुदा आयता आला तर ती संधी जाते.

जामीन किंवा शिक्षेच्या वेळी आरोपीच्या जोखमीचा गुणांक वापरावा का?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लूमिस प्रकरणात आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता मोजणाऱ्या ‘कॉम्पास’ या प्रणालीचा गुणांक विचारात घ्यायला मुभा दिली. मात्र तो एकमेव आधार असता कामा नये आणि त्याच्या मर्यादांची लेखी सूचना अहवालासोबत असावी, अशी अट घातली. गुणांक कसा काढला जातो हे कंपनीचं व्यापारी गुपित असल्याने आरोपीला ते कळू शकलं नाही. ज्या न्यायालयाला एआयची सवय नाही, त्याने इथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे त्याला उलटतपासणी घेता येत नसेल, असा पुरावा आपण दुसऱ्या कोणाकडून चालवून घेतला नसता.

‘शेवटी माणूस तपासेल’ अशी अट घातली की पुरेसं आहे ना?

माणसाला तपासायला वेळ दिला असेल तर. समजा चाळीस पानांच्या फाईलचा सारांश यंत्र एका मिनिटात देतं. तो बरोबर आहे का हे बघायला ती चाळीस पानं वाचावीच लागतात. पण साधन आल्यावर त्याच कारकुनाला दिवसाला तिप्पट फायली दिल्या, तर तो पानं वाचणार नाही, सारांशाखाली सही करेल. थकलेला, कामाखाली दबलेला कोणीही माणूस तेच करेल.

म्हणून तपासणीचे तास कामाच्या वाटपात लिहून घ्या. तपासणाऱ्याने काय बदललं याची नोंद ठेवा. तीन महिन्यांत कोणी एकही शब्द बदलला नसेल तर यंत्र फार चांगलं आहे असं समजू नका, तपासणी होत नाही असं धरून चौकशी करा. अधूनमधून मुद्दाम चूक घातलेला सारांश पुढे पाठवावा आणि ती पकडली जाते का पाहावं. मात्र हे होणार आहे, ते सगळ्यांना आधीच माहीत असावं.

कर्मचारी घाबरले आहेत. त्यांना काय सांगायचं?

खरं सांगायचं, आणि लवकर. लघुलेखक आणि कारकून यांना बदलाची कुणकुण बैठकीच्या इतिवृत्तावर सही होण्याआधी लागते. कोणतं काम कमी होईल, कोणतं वाढेल, वाढलेल्या कामाचं पदनाम आणि वेतन काय असेल, हे लेखी असलं पाहिजे. चाचणीच्या गटात त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. यंत्र कुठे फसेल हे पुरवठादारापेक्षा त्यांना जास्त कळतं. ‘हाच तो’ ची अडचण मला एका लघुलेखिकेनेच दाखवून दिली होती, तिला कोणी बैठकीला बोलावलं नव्हतं, तरी.

प्रशिक्षण म्हणजे एक दिवसाचं व्याख्यान धरू नका. आपल्याच न्यायालयातल्या निकाली फायली, आपल्याच चुका आणि हातात साधन, असं आठवड्यातून तासभर, काही महिने चाललं तर माणसं शिकतात.

पुरवठादाराला काय विचारायचं?

आमचे कागद कुठे साठवले जातील आणि तुमची प्रणाली शिकवायला वापरले जातील का? करार संपला तर आमची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल? कोणी, कधी, काय विचारलं आणि काय उत्तर आलं याची नोंद आमच्या ताब्यात राहील का? आमच्या फायलींवर आम्ही घेतलेल्या चाचणीचा निकाल तुम्ही मान्य कराल का? या चारांची उत्तरं करारात उतरली पाहिजेत.

पाचवा प्रश्न बहुतेक जण विसरतात: प्रणालीच्या आतलं एआय मॉडेल बदललं तर आम्हाला आधी कळवाल का? तुम्ही चाचणी घेतली एका आवृत्तीची, आणि दोन महिन्यांनी पडद्यामागे दुसरी आली, तर तुमच्या चाचणीला अर्थ उरत नाही. बदल आधी कळावा, चाचणीची मुदत मिळावी, तोपर्यंत जुनीच आवृत्ती चालावी, असं कलम घाला.

जबाबदार कोण?

नावाने एक माणूस, पदाने नव्हे, आणि त्याच्यामागे एक छोटी समिती: न्यायाधीश, निबंधक कार्यालय, संगणक कक्ष, कर्मचारी आणि वकील यांचे प्रतिनिधी. तांत्रिक अधिकाऱ्याकडे सगळं सोपवू नका. सर्व्हर बंद पडला तर ते त्याचं काम, पण न्यायाच्या दृष्टीने काय चालेल हे ठरवायला न्यायाधीशच हवेत.

पक्षकारांना सांगायचं का?

हो. त्यांना कळेल अशा भाषेत, सूचना फलकावर आणि नोटिशीवर: कोणत्या कामात एआय वापरतो, कोणत्या कामात नाही, आणि चूक वाटली तर कोणाकडे यायचं. भाषांतराची किंवा जबाबाची प्रत एआयने तयार केली असेल तर त्या प्रतीवरच तसं लिहा.

आमचं न्यायालय लहान आहे, तज्ज्ञ कोणी नाही.

शेजारच्या न्यायालयांबरोबर एकत्र चाचणी घ्या आणि एकत्र करार करा. एक पानाची सूचना आणि फायलींची पडताळणी मात्र तुमची तुम्हीच करायची आहे, आणि तिला तज्ज्ञ लागत नाही.

फायदा झाला की नाही, कसं ओळखायचं?

आधीचे आकडे असतील तरच ओळखता येईल. सुरू करण्यापूर्वी किमान तीन महिने मोजा: दाखल होण्यापासून पहिल्या तारखेपर्यंत किती दिवस, प्रमाणित प्रत मिळायला किती, दुरुस्तीचे अर्ज किती. नंतर तेच मोजा. एका टेबलावरची मिनिटं वाचली म्हणून खूश होऊ नका, कारण रांग बहुधा पुढच्या टेबलावर सरकलेली असते.

सरासरीही पुरेशी नसते. हस्तलिखित कागद, बोलीभाषेत दिलेली साक्ष, वकील नसलेले पक्षकार यांच्या प्रकरणांत चुका किती झाल्या हे वेगळं काढा. एकूण चुका कमी झाल्या आणि त्या सगळ्या याच लोकांच्या वाट्याला आल्या, असं होऊ शकतं.

मध्येच बंद करावं लागलं तर?

ती वेळ येण्याआधीच अटी लिहून ठेवा: कोणती चूक, किती वेळा झाली की थांबायचं, आणि थांबवण्याचा अधिकार कोणाला. हा अधिकार कोर्टात बसणाऱ्या न्यायाधीशालाही असावा, त्याला समितीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहायला लावू नये. बंद केल्यावर त्या काळातली कोणती प्रकरणं पुन्हा तपासायची हे नोंदींवरून काढता आलं पाहिजे, आणि त्या पक्षकारांना कळवलं पाहिजे.

आणि महिन्यातला एक दिवस ठरवून ते काम जुन्या पद्धतीने करा: हाताने वर्गीकरण, लघुलेखकाने घेतलेला जबाब, कागदावरचा रोजनामा. नव्याने रुजू झालेल्यांना त्या दिवशी आवर्जून बसवा.